मदत हवी आहे : ‘पुन्हा करा’ या शेऱ्याचे गुण कसे धरायचे?

बीएस्सी द्वितीय वर्षाला सांख्यिकी शिकवते. वर्ग सत्तरचा, कॉलेज संलग्न. त्यामुळे विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत बदल शक्य नाही, अंतर्गत ४० गुण मात्र आमच्या हातात आहेत. चाचणीचा पेपर मिळाला की मुलं आकडा बघून घडी घालतात, चुका वाचतच नाहीत. आदल्या रात्रीचं जागरण वेगळंच. म्हणून गृहपाठावर गुणांऐवजी ‘जमलं’ किंवा ‘पुन्हा करा’ एवढाच शेरा द्यायला लागले. मुलं मोकळेपणी शंका विचारू लागली, याचं फार समाधान आहे. पण दुरुस्त्या सत्राअखेरीस एकदम येतात, तपासायला मी एकटीच, आणि पोर्टलवर शेवटी आकडाच भरावा लागतो. सर्वोत्तम दोन चाचण्यांचेच गुण धरूनही पाहिलं, मुलांचा ताण फारसा उतरला नाही. हे शेरे ४० पैकी गुणांत कसे बदलता, जेणेकरून तक्रार आली तर दाखवता येतील? दुरुस्तीची मुदत किती ठेवता?