मदत हवी आहे: ७ फूट रुंदीच्या स्वयंपाकघरात एल की समांतर ओटा?

स्वयंपाकघर नव्याने करतोय. रंग, टाइल्स, शटर यांचे फोटो ढीगभर जमलेत, अडलंय ते मांडणीवर. खोली १० बाय ७ फूट. आखूड भिंतीला खिडकी, तिच्याखाली सिंक, बरोबर समोर दार. सिंक तिथेच राहणार, कारण निचऱ्याचा पाइप हलवता येत नाही. भिंती पाडायच्या नाहीत. गॅस आणि विजेचे पॉइंट मात्र बदलू शकतो.

एल आकारात जागा मोकळी राहते, पण कोपरा वाया जातो. सध्याही तसाच आहे: मागचा डबा काढायला खाली बसून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. समांतर ओटे दोन्हीकडे २ फुटांचे घेतले तर मध्ये ३ फूटच उरतात. जमिनीवर चिकटपट्टी लावून पाहिलं. खालचा ड्रॉवर पूर्ण उघडला की मागून दुसऱ्याला जाता येत नाही, आणि आम्ही दोघं एकाच वेळी काम करतो. ही अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. म्हणून एका बाजूला दीड फूट खोलीचा, फक्त कापाकापी आणि साठवणीचा ओटा घ्यावा असं मनात आहे. फ्रिज दाराजवळच राहील.

वरची कपाटं छतापर्यंत नेणार आहोत, त्याबद्दल शंका नाही.

असा दीड फुटी ओटा कुणी रोज वापरताय का? त्याखाली ड्रॉवर सोयीचे पडतात की उघडे कप्पे? आणि एल केला असेल, तर कोपऱ्यातलं फिरतं ट्रे-युनिट भरलेल्या डब्यांचं वजन नीट पेलतं का?