एअर रायफलच्या पेलेटची बॅच टेस्ट कशी करायची? (बालेवाडी)

कोथरूडची_आई:
नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, दोन वर्षं झाली १० मीटर एअर रायफल करतेय, बालेवाडीला प्रॅक्टिस असते. आता सर म्हणाले की हिच्या रायफलला कुठला पेलेट (छर्रा) सूट होतो ते टेस्ट करून घ्या, मॅच जवळ आलीय. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, तो घरच्या गॅरेजमध्ये शिसं वितळवून साच्यात बुलेट ओततो, पावडर वजन करून काडतुसं पण स्वतःच भरतो आणि मग रेंजवर जाऊन प्रत्येक लोडच्या पाच-पाच गोळ्या मारून बघतो, सगळं वहीत लिहून ठेवतो. त्याचं बघून वाटलं की आपणही पेलेट घरी ओतून बघावेत का, कारण इम्पोर्टेड मॅच पेलेटचे डबे किती महाग पडतात ते तुम्हाला माहितीच आहे. परवा दोन कंपन्यांचे पाच-पाच पेलेट मारले, एकाचा ग्रुप (म्हणजे सगळ्या छिद्रांचा मिळून बाहेरून बाहेर पसारा) ६ मिमी आला आणि दुसऱ्याचा ७. मग ६ वालाच घ्यायचा ना? की अजून काही बघायला लागतं? प्लीज कुणीतरी नीट सांगा, घरात कुणालाच यातलं काही कळत नाही.

दहा_पॉइंट_नऊ:
ताई, आधी घरी ओतायचं डोक्यातून काढून टाका. पेलेट साच्यात ओतून होतच नाहीत, म्हणजे कंपन्या सुद्धा ते ओतत नाहीत, शिशाची तार कापून डायमध्ये दाबून बनवतात. मागचा जो पोकळ घेर असतो ना, त्याला स्कर्ट म्हणतात, तो इतका पातळ असतो की हवेच्या दाबाने फुगून बॅरलला घट्ट बसतो, तो घरी जमणं शक्य नाही. तुमच्या भावाचं काम वेगळं आहे, तिकडे शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून बुलेट कडक करतात, नाहीतर बॅरलमध्ये शिसं चिकटतं, आणि त्या सगळ्याला त्यांच्याकडे परवानगी आहे. आपल्याकडे काडतूस भरायला बसलात तर १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ आहे, परवान्याशिवाय दारूगोळा बनवणंच काय, टेस्ट करणं सुद्धा गुन्हा आहे. आणि १४ वर्षांची मुलगी घरात असताना शिसं वितळवायचं नाव पण काढू नका, त्याची वाफ आणि धूळ मुलांसाठी फार वाईट. पेलेट हाताळल्यावर सुद्धा साबणाने हात धुतल्याशिवाय तिला जेवणाचा डबा उघडू देऊ नका, हे मी रेंजवर प्रत्येक पालकाला सांगतो.

आता ६ आणि ७ मिमीचं. पाच गोळ्यांत त्याला काहीच अर्थ नाही. तोच डबा परत मारा, ६चा ७ आणि ७चा ५.५ होईल. प्रत्येक बॅचच्या किमान १० गोळ्यांचे चार-पाच ग्रुप मारायचे आणि सगळ्यांची सरासरी बघायची. आणि हातात धरून अजिबात नाही, रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवूनच, कारण तिची होल्डच (रायफल स्थिर धरणं) १४ वर्षांच्या मुलीची आहे, मग तुम्ही पेलेट टेस्ट करत नाही, मुलगी टेस्ट करताय.

सिंहगडरोडवाला:
वरचं सगळं बरोबर आहे, थोडं हिशोबाचं सांगतो म्हणजे किती बारीक गोष्ट आहे ते कळेल. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, आणि पेलेट ४.५ मिमी. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला की १०.० मिळतो, त्यानंतर प्रत्येक ०.२५ मिमी जवळ गेलं की ०.१ वाढतो, १०.९ साठी ०.२५ च्या आत. आता समजा क्लॅम्पमधला ग्रुप बाहेरून बाहेर ६.५ मिमी आला, त्यातून पेलेटचे ४.५ वजा केले की मध्य ते मध्य २ मिमी, म्हणजे पोरगी अगदी परफेक्ट सेंटरला धरून असली तरी एखादी गोळी १ मिमी बाजूला जाऊन १०.६ च येणार. तेच ५ मिमीचा ग्रुप असेल तर तो तोटा जवळजवळ राहत नाही. ६० शॉटच्या मॅचमध्ये हे एक-एक दशांश जमा होतात, आणि फायनलला पहिले आठच जातात!

डब्यावर हेड साइज (पेलेटच्या पुढच्या टोकाचा व्यास, मिमीत) असते, ४.४९, ४.५०, असं, ते आणि बॅच नंबर दोन्ही लिहून ठेवा. कंपनी चांगली म्हणून पुढचा डबा पण तसाच निघेल असं नसतं. मला एका दुकानातून दहा डबे मिळाले होते, वरच्या दोघांचा नंबर एक आणि खालच्यांचा वेगळाच, मी न बघता घरी आणले आणि महिनाभर होल्डला दोष देत बसलो. त्यामुळे जो बॅच चालला तोच एकदम सीझनभराचा घ्या.

दहा_पॉइंट_नऊ:
हो, आणि अजून एक राहिलं. बॅच बदलला की पहिले १०-१५ मोजायचे नाहीत, बॅरलला नवीन शिशाची सवय व्हायला लागते. आधी एक आख्खा डबा आणि मग दुसरा असं पण नका करू, थोडे याचे थोडे त्याचे असं आलटून पालटून मारा, नाहीतर रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब कमी होत गेला किंवा क्लॅम्प हलला तर सगळं बिल दुसऱ्या डब्यावर फाटतं. क्लॅम्प कुठल्या लेनला लावता येईल ते रेंजवर आधी विचारून ठेवा, ऐनवेळी गेलात तर जागा नसते.

लेन_७:
पावसाळ्याचं पण बघा काकू. पुण्यात जून ते सप्टेंबर डबा उघडा राहिला की शिशावर पांढरी पावडर धरते, तसला पेलेट टेस्टला घेऊच नका. माझ्याकडे झाकण नीट न लावल्यामुळे अर्धा डबा असा गेला. आणि मोठी मंडळी पण अशीच बॅच टेस्ट करतात बरं का. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ करून ब्राँझ घेतलं, त्या इव्हेंटला .२२ रिमफायर काडतुसं लागतात, त्यांचं बारूद पेटवणारं मिश्रण काडतुसाच्या काठात असतं म्हणून ती घरी परत भरता येतच नाहीत. त्यामुळे त्या लोकांना सुद्धा तयार लॉटमधूनच (म्हणजे बॅचमधूनच) निवडावं लागतं, लापुआ या काडतुसांच्या कंपनीचं तर जर्मनीत शोनेबेकला खास टेस्टिंग सेंटर आहे, स्वतःची रायफल घेऊन जायचं आणि लॉट मारून बघायचे.

कोथरूडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार! ओतायचं कॅन्सल. सरांशी बोलले, शनिवारी सकाळी क्लॅम्प लावून देतायत, तीन बॅच आहेत, प्रत्येकी १०चे पाच ग्रुप. आत्ता कपाटातले जुने डबे काढून बघितले तर दोन डब्यांचे नंबर वेगळे निघाले आणि एकावर खरंच पांढरं आलंय, तो बाजूला ठेवला. एकच विचारायचं राहिलं, ग्रुप मापायला साधी पट्टी चालेल की व्हर्नियर घ्यायलाच लागेल?

सिंहगडरोडवाला:
व्हर्नियरच घ्या ताई, डिजिटल. पट्टीवर अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच आणि आपलं सगळं भांडण तेवढ्याचंच आहे. कार्डाच्या मागे बॅच नंबर आणि तारीख पेनाने लिहा, आणि शनिवारी झाल्यावर आकडे इथे टाका, मुलगी कुठली रायफल वापरते तेही लिहा.