'गोट'मध्ये गायकाचा आवाज एवढा मागे का?

जळगाव_ड्रमर: भो, जीझस लिझर्ड या अमेरिकन रॉक बँडचा १९९१ चा 'गोट' लावला, दुसरा स्टुडिओ अल्बम त्यांचा. गायक डेव्हिड याउ जीव तोडून ओरडतो पण शब्दच कळत नाहीत, मिक्सिंग बिघडलंय का?

भुसावळ_बेस: नाही रे, मुद्दाम आहे ते. रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनीचं, तो गायकाला वर उचलत नसे, बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर घ्यायचा. शब्द सोड, बेस पकड. 'देन कम्स डडली' मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर अर्धं गाणं गायब, हेडफोन लाव, बेस न् ड्रम घट्ट धरून चालतात आणि गिटार मधूनच ओरखडा काढून जाते, काय सांगू भो!

धुळेकर: त्यातलंच 'माउथ ब्रीदर' पण ऐक. त्यांच्या पहिल्या 'हेड' अल्बमपेक्षा हा कितीतरी भारी.

जळगाव_ड्रमर: हेडफोन लावले. त्यांच्या ड्रमर मॅकनीलीचा स्नेअर ड्रम ऐकून अंगावर काटा आला राव!