घड्याळ लावण्यापेक्षा अवघड आहे ते वाटेतला वेळ मोजणं

संगणकाचं घड्याळ नेटवर्कवरून कसं लावतात? "सर्व्हरला, म्हणजे वेळ सांगणाऱ्या दुसऱ्या संगणकाला, वेळ विचारायची आणि आपल्या घड्याळात लावायची, एवढंच तर आहे" असं वाटतं, त्यात थोडी भर घालतो. उत्तर आपल्यापर्यंत पोचेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. खरी गंमत तिथेच आहे. म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) एकाऐवजी चार क्षणांची वेळ टिपून ठेवतो.

समजा, माझ्या घड्याळात 0 मिलिसेकंद असताना मी विचारलं. सर्व्हरला ते त्याच्या घड्याळात 130 ला मिळालं, त्याने 131 ला उत्तर धाडलं आणि मला ते माझ्या 61 ला मिळालं. एकूण 61, त्यातला 1 सर्व्हरने घेतला, म्हणजे जाऊन-येऊन प्रवास 60 चा. आता दोन फरक काढा: जाताना 130, येताना 131 वजा 61 म्हणजे 70. सरासरी 100. माझं घड्याळ 100 मिलिसेकंद मागे आहे! दोन्ही घड्याळं जुळत नसतानाही हे कळतं, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

मात्र यात जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं धरलेलं आहे. वाटा वेगळ्या असल्या की चूक शिरते, आणि ती या चार आकड्यांतून दिसतच नाही.

शिवाय एवढा फरक एनटीपी सहसा एका झटक्यात भरून काढत नाही. घड्याळ सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद पुढे सरकवतो, म्हणजे या 100 साठी किमान 200 सेकंद. घड्याळ पुढे असेल तेव्हा तर हे फारच मोलाचं, कारण वेळ अचानक मागे गेली तर लॉगमधल्या, म्हणजे संगणक आपोआप लिहितो त्या नोंदवहीतल्या, नोंदींचा क्रमच उलटापालटा होतो.

डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडलेली ही पद्धत अजून चालते आहे.