पुरात मोबाइल बंद पडल्यावर गावागावांतील संपर्क: हॅम रेडिओचे मंडळ उभे करता येईल काय?

धानशिवार (ब्रह्मपुरी तालुका)

नमस्कार. मी वैनगंगेच्या काठच्या एका गावात शिक्षक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संजय सरोवर धरणातून सोडलेले पाणी आणि गोसेखुर्द धरणाचा विसर्ग यांमुळे नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. तेव्हा आमच्याकडे आधी वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्यावर मोबाइलही बंद पडले. नाव कुठे हवी आहे, कोणत्या टोलीवर आजारी माणूस अडकला आहे, एवढे साधे वर्तमानही तहसीलपर्यंत वेळेत पोहोचेना.

आसपासच्या गावांतील काही शिक्षक, कोतवाल आणि तरुण शेतकरी मिळून आम्ही बिनतारी संपर्काचे मंडळ काढू इच्छितो. ऑनलाइन दुकानांत दोन-तीन हजारांत वॉकीटॉकीची जोडी मिळते. ती घेऊन चालेल, की हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ-संपर्काचा, परवाना काढावाच लागेल? आणि आमच्या गावातून ब्रह्मपुरीपर्यंत, जमल्यास चंद्रपूरपर्यंत, आवाज खरोखर पोहोचेल काय?

जुना हॅम (नागपूर)

गुरुजी, खरेदी सध्या थांबवा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणाऱ्या अत्यल्प शक्तीच्या संचांना आपल्या देशात परवाना लागत नाही, हे खरे आहे. परंतु ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे संच या पट्ट्याच्या बाहेरही बोलू शकतात आणि असा संच परवान्याशिवाय वापरणेच नव्हे, तर नुसता जवळ बाळगणेही अडचणीचे ठरते. पूरग्रस्तांच्या मदतीला निघालेल्या तरुणाचा संच नाक्यावर जप्त व्हावा, अशी वेळ आपण कोणावरही आणू नये.

हॅमचा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखा देते आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड म्हणजे प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) येण्याची अट नाही आणि वयाची १२ वर्षे पूर्ण झालेला कोणीही परीक्षेस बसू शकतो. अभ्यासक्रमात विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम एवढेच असते. दहावीचे विज्ञान नीट समजलेल्या मुलाला ते झेपते. तुमच्यासारख्या शिक्षकाने संध्याकाळी वर्ग घेतला, तर गावागणिक एक-दोन परवानाधारक तयार होणे मुळीच अवघड नाही. या श्रेणीचे कॉल साइन, म्हणजे परवानाधारकाचे ओळखचिन्ह, व्हीयू३ ने सुरू होते.

तारयंत्र (वर्धा)

पल्ल्याविषयी लिहितो, कारण सर्वाधिक निराशा तिथेच होते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांचा पल्ला वॅटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अधिक अवलंबून असतो. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले, की रेडिओ-क्षितिजाचे, म्हणजे त्या अँटेनाच्या लहरी जिथवर सरळ पोहोचतात तिथवरचे, अंतर किलोमीटरमध्ये मिळते; दोन्ही टोकांची अंतरे मिळवली की एकूण पल्ला निघतो. त्या हिशेबाने दोन माणसे हातात संच धरून उभी असतील, तर कागदावर सुमारे १० किलोमीटर निघतात; पण मोहाची झाडे, घरे आणि बांध मधे आले की प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटरही कठीण जातात. तोच अँटेना २५ मीटर उंचीवर नेला, तर खाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत हिशेबाने २५ किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. म्हणून गावोगावी महागडे संच वाटण्याऐवजी ब्रह्मपुरीत एखाद्या उंच पाण्याच्या टाकीवर रीतसर परवानगीने एक चांगला अँटेना बसवा आणि प्रत्येक गावात बांबूवर का होईना, पण घराच्या आढ्यापेक्षा उंच अँटेना ठेवा.

चंद्रपूर आणि नागपूर ही दोन्ही ठिकाणे तुमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत, तिथे ही पद्धत चालणार नाही. त्यासाठी ७ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. सुमारे २० मीटर तार मधोमध तोडून, जमिनीपासून चार-पाच मीटरवर आडवी ताणली, तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनमंडलावरून (वातावरणातील उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परततात आणि दिवसा अवतीभवतीच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. येथे तार उंच नसणेच सोयीचे असते. रात्री हा पट्टा जवळच्या अंतरासाठी बहुधा साथ देत नाही, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झकडे वळावे लागते आणि तार दुप्पट लांब लागते. संच १२ व्होल्टवर चालतो. ट्रॅक्टरची बॅटरी आणि तिला भारित ठेवणारे सौर पॅनेल एवढी तजवीज पुरेशी आहे.

सेवानिवृत्त महसूल (अहेरी)

वरील दोघांनी यंत्र आणि परवाना उत्तम समजावला. माझा भर निरोपावर आहे. आमच्याकडे पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहू लागले की भामरागडचा संपर्क तुटतो आणि अशा वेळी नियंत्रण कक्षात येणारी अर्धवट माहिती ही माहितीच न येण्याइतकी घातक असते. “गावात पाणी घुसले, मदत पाठवा” या निरोपावर नायब तहसीलदार कोणता निर्णय घेणार? गाव व टोली, वेळ, अडकलेली माणसे, आजारी किंवा गरोदर कोणी आहे काय, नाव कुठे लागू शकते आणि निरोप देणाऱ्याचे नाव, एवढे लिहून काढावे, मगच बोलावे. ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत वाचून दाखवावा. घाईत ही परतवाचणीच प्रथम गळते, म्हणून तिचा सराव उन्हाळ्यातच व्हायला हवा.

दुसरे असे की, एरवी हॅमने त्रयस्थांचे निरोप वाहू नयेत असा नियम आहे. आपत्तीत मात्र जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी यांच्याकडून आलेले अथवा त्यांच्यासाठी असलेले निरोप नेता येतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. मृगापूर्वी त्यांना पत्र द्या, परवानाधारकांची यादी जोडा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यातही द्या. आमच्या जिल्ह्यात तर पोलिसांना आधी कळविल्याशिवाय कोणी जंगलात अँटेना उभारण्याचा विचारही करू नये.

धानशिवार (ब्रह्मपुरी तालुका)

आपल्या सर्वांचा मनापासून आभारी आहे. संच घेण्याचे थांबवतो आणि परीक्षेचा वर्ग आधी सुरू करतो. एक शंका उरते: परवाने हाती येईपर्यंत तरुणांकडून सराव कसा करून घ्यावा?

जुना हॅम (नागपूर)

ऐकण्यापासून सुरुवात करा, परंतु एखाद्या परवानाधारकाच्या स्टेशनवर, त्याच्या देखरेखीखाली. निरोप लिहिण्याचा आणि परत वाचण्याचा सराव साध्या मोबाइलवरून दोन गावांमध्येही होतो. एकाने बोलायचे, संपल्यावर “ओव्हर” म्हणायचे आणि तोवर दुसऱ्याने मधे बोलायचे नाही. परीक्षेचा अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार संकेतस्थळावर करावा लागतो. परवाना हाती येण्यास वेळ लागतो, म्हणून अर्ज धान कापणीच्या आधीच भरून टाका.