सोसायटी ग्रुप : ४०२ मधली घरघर

शुक्रवार

३०२: नमस्कार. कालही रात्री दीडपर्यंत डोक्यावर घुंऽऽ चालू होतं. मी कोणाचं नाव घेत नाही. माझ्या वर कोण राहतं ते सगळ्यांना माहीत आहे.

२०४: काकू, तुमच्या डोक्यावर बसायची आमच्यापैकी कोणाची हिंमत आहे? 😄

३०२: विनोद नकोत. फर्निचरच्या वेळीही असंच हसण्यावारी नेलं होतं.

४०२: सॉरी काकू. नवीन कॉम्प्युटर जोडलाय. ॲनिमेशनचं रेंडर, म्हणजे शेवटची चित्रं तयार करायचं काम, रात्री लावून झोपतो. पण मला स्वतःला एवढा आवाज येत नाही हो, खरंच.

३०२: कानात हेडफोन असल्यावर कसा येईल?

५०३: पंपाच्या बेअरिंगचं काय झालं? मीटिंगमध्ये ठरलं होतं.

सेक्रेटरी: पंपाचा विषय वेगळा आहे साहेब. एका वेळी एक घेऊ.

१०१: ४०२, पंखे किती आणि केवढे?

४०२: काका, १२० मिमीचे सहा. पुढे तीन, वर दोन, मागे एक. रेंडर चालू असताना १८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांवर जातात.

१०१: मग वाजणारच. पंख्याचा वेग निम्मा केलास तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि वीज आठव्या हिश्श्यावर येते. कारखान्यातल्या ब्लोअरला हाच नियम, तुझ्या डब्यालाही हाच. पुढे १४० मिमीचे बसव आणि ८००-९०० वर फिरव. मोठं पातं सावकाश फिरलं तरी हवा पुरते. आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली होतीस ना?

२०४: काका, हे परीक्षेला आहे का?

३०२: मला डेसिबल नकोत, झोप हवी. तो डबा कपाटात ठेव आणि दार लावून घे. विषय संपला.

१०१: वहिनी, कपाटात कोंडला तर स्वतःचीच गरम हवा परत आत ओढेल. तापला की पंखे आणखी जोरात. आत्ता दीडपर्यंत ऐकताय, मग पहाटेपर्यंत ऐकाल.

३०२: तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतंच. पार्किंगच्या वेळीही होतं.

१०१: पार्किंगचा इथे काय संबंध?

३०२: काही नाही. 🙏

२०१: वॉटर कूलिंग घाल म्हणावं. माझ्या भाच्याकडे आहे, रंगीत दिवेबिवे, एकदम गार.

६०३: मी ६०३ मधली मुलगी, आईच्या मोबाइलवरून लिहितेय. वॉटर कूलिंगने आवाज आपोआप जात नाही. रेडिएटरवर पंखे असतातच, वर पंप. तो पंप सगळ्यांत उंच जागी आला तर त्यात हवा साचते आणि गुळगुळ सुरू होतं.

५०३: पंपाचा विषय निघालाच आहे तर बेअरिंगचं काय झालं?

सेक्रेटरी: अहो, तो वेगळा पंप!

६०३: दादा, कॅबिनेटला पुढे काच आहे की जाळी?

४०२: काच. दिसायला भारी आहे.

६०३: मग पुढचे तीन पंखे हवा घेणार कुठून? बाजूच्या फटीतून? काच काढून रेंडर लाव आणि तापमान बघ. दुसरं म्हणजे बायोसमधला (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधला) फॅन कर्व्ह, किती तापमानाला पंखा किती वेगाने ते. प्रोसेसर दोन सेकंद तापला की पंखे धावतात, लगेच उतरतात, परत धावतात. एकाच वेगाचा आवाज कान विसरतो, हे खालीवर होणं विसरत नाही. कर्व्ह सपाट कर आणि वेग बदलायला थोडा उशीर ठेव. प्रोसेसर कोणता?

४०२: रायझन ९ ७९५०एक्स.

६०३: मग आधी इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायचं सेटिंग! हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालायच्या हिशेबानेच बनवलाय. कूलर मोठा लावलास तर तेवढी जास्त वीज खातो आणि परत तापतो. टीडीपी, म्हणजे उष्णतेचा ठरवलेला आकडा, १७० वॅट आहे, तो १०५ किंवा ६५ वर बांधता येतो. १०५ वर रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण पंख्यांचं काम खूप हलकं होईल.

१०१: शंभर टक्के बरोबर. आम्हीही आधी भार कमी होतो का बघायचो, ब्लोअर नंतर. कितवीला आहेस बाळा?

६०३: बारावी.

६०३: मी तिची आई. मला वाटत होतं ती अभ्यासाला बसली आहे.

२०४: 😂😂😂

१०१: मुलीला रागावू नका, हाही अभ्यासच आहे. सगळ्यांच्या माहितीसाठी : कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत थोडं पाणी असतं, पण हवा काढून टाकलेली, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ पत्र्यांकडे जाते, तिथे थंड होऊन पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत खाली झिरपतं. अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये

२०४: काका, अर्धवट आलाय मेसेज.

१०१: चुकून बटण दाबलं गेलं. १९६३ मध्ये करून दाखवलं. ४०२, फिल्मचं सांगितलं नाहीस.

४०२: काढली होती काका. उष्णता कूलरला पोचवणारी पेस्टही नीट लावलीय.

३०२: तुमचं चालू द्या. पण मला पंख्याचा फुर्रऽऽ ऐकू येतच नाही, मी मघापासून काय सांगतेय! जाड घुंऽऽ येतो. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला हात लावला तर हाताला कळतो. आणि लाटेसारखा येतो, वाढतो, कमी होतो.

१०१: हे आधी का नाही सांगितलंत?

३०२: सांगू कधी दिलंत?

१०१: म्हणजे आवाज हवेतून नाही, स्लॅबमधून उतरतोय. ४०२, आत हार्ड डिस्क आहेत?

४०२: दोन, बॅकअपच्या. ७२०० आरपीएम. कॅबिनेट फरशीवरच आहे.

१०१: सापडलं. ७२०० भागिले ६०, सेकंदाला १२० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झची घरघर. दोघींचा वेग तंतोतंत सारखा नसतो, म्हणून ती एकमेकींत मिसळून लाटा होतात. फरशी ती खाली पोचवते. डिस्कला रबराचे वायसर लाव, स्क्रू करकचून आवळू नकोस, कॅबिनेटखाली जाड फोम किंवा रबर घाल.

६०३: आणि रेंडर एसएसडीवर कर. त्यात फिरणारं काहीच नसतं. डिस्क रात्री झोपू देत.

३०२: डिस्कने झोपायचं आणि मी जागायचं, वा.

(हा मेसेज डिलीट केला गेला)

सेक्रेटरी: २०४, काय डिलीट केलंत ते बहुतेकांनी वाचलंय. ग्रुप कामापुरता ठेवा.

रविवार

४०२: काच काढून जाळी बसवली, पुढे १४० चे पंखे ८५० वर, इको मोड १०५, डिस्क रबरावर, कॅबिनेट फोमवर. काकू, काल रात्री काय ऐकू आलं?

३०२: घुंऽऽ नव्हतं. दोन वाजता खुर्ची सरकली तेवढी ऐकू आली.

४०२: खुर्चीला पण रबर लावतो. 😅 पंखे गप्प झाले तर आता मलाच ग्राफिक्स कार्डातून बारीक चिर्रऽ ऐकू येतंय. आधी नव्हतं.

६०३: आधीही होतं, पंख्यांत बुडायचं. कॉइल व्हाइन म्हणतात, कार्डातल्या कॉइल थरथरतात त्याचा आवाज. बिघाड नाही तो. कार्डाची पॉवर लिमिट थोडी उतरवून बघ, गेमला फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बांध. बऱ्याचदा कमी होतं, पूर्ण जाईलच असं नाही.

३०२: म्हणजे आता त्याची झोप जाणार. चालेल मला.

१०१: जाळीवर धूळ बसेल, अधूनमधून साफ कर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, मोकळं गरगरू देऊ नकोस, बेअरिंग जातं.

५०३: बेअरिंगचं काय झालं?

सेक्रेटरी: येत्या मीटिंगमध्ये पहिला विषय पंपाचा. लिहून ठेवलंय. पुढे बोलू नये.

२०१: पण मग भाच्याने वॉटर कूलिंग ठेवावं की काढावं? ६०३ सांग ना बेटा.

६०३: मी तिची आई. मोबाइल आता माझ्याकडे आहे.