‘ग्ली’मध्ये रियाज कुठे आहे?

खर्जातला (धागाकर्ता)

मुलगी कॉलेजात असताना तिच्या लॅपटॉपवर जी सतत वाजत असायची ती ‘ग्ली’ मी आता निवृत्तीनंतर, तिच्याच आग्रहाने पाहिली. फॉक्स वाहिनीवर २००९ ते २०१५, सहा सीझन, १२१ भाग. पाचव्या सीझनात हात टेकले, त्यामुळे शेवट कोणी मला विचारू नये.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओहायोतलं लायमा गाव, तिथली मॅकिन्ली हायस्कूल. स्पॅनिश शिकवणारा विल शूस्टर शाळेचा मरायला टेकलेला गायनसंघ हातात घेतो. संघात येतात ती शाळेने ओवाळून टाकलेली पोरं. व्हरांड्यातून चालताना यांच्या तोंडावर कोणीही बर्फाचं रंगीत सरबत फेकावं, अशी त्यांची पत. चीअरलीडर्सची कोच सू सिल्व्हेस्टर संघाच्या मुळावर उठलेली. बाकी प्रेमं, भांडणं, स्पर्धा.

मजा आली, नाही असं नाही. सू झालेली जेन लिंच तर अफाट. पण माझी तक्रार गाण्याचीच आहे. गाण्यावरच्या मालिकेत गाणं शिकताना कोणी दिसतच नाही! विल फळ्यावर आठवड्याचा विषय म्हणून एक शब्द खरडतो, पोरगी उठून उभी राहते, कोपऱ्यात पियानोवाला तयारच असतो (हा ब्रॅड नावाचा गृहस्थ शाळेतच मुक्कामाला असतो का?), कुठून तरी ड्रम, गिटार, व्हायोलिनं उगवतात आणि पहिल्याच फटक्यात चार आवाजांची बिनचूक हार्मनी. नाचतायत, उड्या मारतायत, पण श्वास कोणाचाच तुटत नाही. तुटेल कसा? सगळं स्टुडिओत आधी गाऊन, बेसूर जागा दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनच्या इस्त्रीखालून काढलेलं. सेटवर नुसते ओठ हलवायचे.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धेला न्यूयॉर्कला जातात आणि हॉटेलात बसून गाणी लिहायला घेतात! मी साधा हौशी पेटीवाला. यमनचे पलटे स्वच्छ वाजायला मला दोन महिने लागले होते.

जाता जाता: ‘ग्ली’ म्हणजे मुळात अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला गाण्याचा प्रकार. तीन-चार जणांनी, बहुतेक पुरुषांनी, वाद्यांशिवाय वेगवेगळ्या सुरावटी एकमेकींत गुंफून म्हणायच्या. म्हणजे नावाशी तरी इमान राखायचं!

मधली_सुट्टी

काका, म्युझिकल आहे हो ती, क्लासची जाहिरात नाही. तिथे माणूस गातो ते बोलून भागत नाही म्हणून. पहिल्या भागाच्या शेवटी पोरं लाल टी-शर्टात जर्नी बँडचं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ म्हणतात तेव्हा ती सुरेल गातायत हा मुद्दाच नसतो. आठवडाभर एकमेकांचं तोंड न बघणारी पोरं एका रांगेत उभी आहेत, हा मुद्दा असतो. आपल्या संगीत नाटकातली नायिका बागेत पद म्हणायला लागली की ‘इथे ऑर्गन कोणी आणला’ असं विचारता का तुम्ही?

खर्जातला

ऑर्गनवाला रंगमंचासमोर बसलेला दिसायचा, म्हणून नाही विचारत. आणि नटी समोर उभी राहून गायची. लागला तर ‘वन्स मोअर’, नाही लागला तर पिटातून खोकल्याची साथ. मला तीच जोखीम हवी आहे. इथे पडायचीच भीती नाही, तर दोरीवर चालण्यात मजा कसली?

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. सरबत कृपया लांबून.

इंडियानाची_आई

काकांशी अर्धी सहमत, अर्धी नाही.

माझी मुलगी इथे हायस्कूलच्या शो क्वायरमध्ये, म्हणजे नाचत गाणाऱ्या गायनसंघात आहे, हे तिसरं वर्ष. ओहायो, इंडियाना, आयोवा या पट्ट्यात हे प्रकरण फुटबॉलच्या खालोखाल गंभीरपणे घेतात. ऑगस्टमध्ये शाळा नीट सुरूही झालेली नसते आणि बाहेरून बोलावलेला कोरिओग्राफर चार दिवस सकाळ-संध्याकाळ पोरांना पिळून काढतो. मग जानेवारी ते मार्च दर शनिवारी स्पर्धा. पहाटे पाचला बस. वीसेक मिनिटांचा कार्यक्रम, मधोमध एक संथ गाणं, बाकी धावपळ. सोबत वाजवणारा बँडही पोरांचाच, जिवंत. गाणंही जिवंत. आमच्याकडे पन्नासच्या आसपास मुलं पायऱ्या-पायऱ्यांच्या रायझरवर उभी असतात, आणि मध्येच दोन ओळींच्या अवधीत मुली मागे जाऊन कपडे बदलून येतात. मागच्या वर्षी माझी लेक उलट्या बाजूने चेन अडकलेला ड्रेस एका हाताने धरून उरलेलं अख्खं गाणं नाचली. आवाज खाली आला नाही, हात खाली आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांत तिचं नावही नव्हतं, कारण पन्नासांतली एक बिघडलेली दिसली नाही हेच तिचं यश.

हे ‘ग्ली’त कुठेच नाही. तिथे बाराजण, त्यातली मुख्य गायिका रेचल पुढे उभी राहून गाणार आणि उरलेले मागे ‘ऊ-ऊ’ करत डोलणार. शो क्वायरमध्ये रेचल बेरीला पहिल्याच महिन्यात गप्प बसवतील.

पण आता उरलेलं अर्धं. आमच्या डिरेक्टरबाई म्हणतात की मालिका आल्यावर मुलगे स्वतःहून ऑडिशनला यायला लागले. त्याआधी हातापाया पडावं लागायचं. खोटं गाणं दाखवून खरी पोरं आली असतील तर मी त्या ऑटोट्यूनला नावं ठेवणार नाही.

कॉपीपेस्ट_नको

रियाजाचं सोडा. मला राग येतो तो दुसऱ्याच्या घामावर बसल्याचा.

या ‘ग्ली कास्ट’च्या नावावर बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत २०७ नोंदी आहेत. २०११ साली त्यांनी १०८ नोंदींच्या एल्विसला मागे टाकलं. हो, एल्विसला! बहुतेक गाणी एक आठवडा यादीत आली आणि गेली. युक्ती सोपी: दर भागाबरोबर पाच-सहा गाणी डाउनलोडला ठेवायची, आदल्या रात्री भाग पाहिलेली पोरं विकत घेणार. (एल्विसची कारकीर्द यादी निघण्याआधीच सुरू झालेली, त्यामुळे तुलनाच लंगडी. पुढे २०२० मध्ये रॅपर ड्रेकने यांनाही मागे टाकलं.)

आणि हे ऐका. जोनाथन कोल्टन नावाच्या गायकाने २००५ मध्ये सर मिक्स-अ-लॉटच्या ‘बेबी गॉट बॅक’ या रॅप गाण्याला स्वतःची गोड चाल लावून, गिटारवर, अगदी साळसूदपणे ते गायलं. विनोद त्या चालीत आहे. जानेवारी २०१३ मध्ये ‘ग्ली’ने तीच चाल, तीच मांडणी उचलली. मूळ शब्दांत त्याने स्वतःचं नाव घुसवून ‘जॉनी सी’ केलं होतं, तेही तसंच ठेवलं! कॉपीमध्ये उत्तरपत्रिकेवरचं नावसुद्धा उतरवून काढणारा विद्यार्थी असतो ना, तसं. त्याला ना विचारलं, ना श्रेय दिलं. वर कळवलं की आम्ही कायद्यात बसतो, तुझी प्रसिद्धी झाली यात आनंद मान. त्याने काय करावं? आपलंच जुनं गाणं ‘ग्लीच्या शैलीत’ म्हणून विकायला काढलं आणि आलेले पैसे दान केले.

उपेक्षितांची बाजू घेणारी मालिका म्हणे.

मधली_सुट्टी

कोल्टनच्या बाबतीत बचाव नाही. चूक ती चूक. पण एका प्रकरणावरून सहा वर्षांचं ताट सरकवायचं?

चौथा_मजला

पहिलाच प्रतिसाद आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

२०१० मध्ये मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. लॅनवरच्या कोणाच्या तरी फोल्डरमध्ये ही मालिका होती. मी ती हेडफोन लावून, लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे करून पाहायचो. कारण कर्ट, संघातला समलिंगी मुलगा. मी कोण आहे हे मला सातवीपासून माहीत होतं, पण पडद्यावर तसा मुलगा हसं करण्यासाठी नाही तर आपला म्हणून आलेला मी पाहिला नव्हता.

तारखांचा खेळ बघा. मालिकेचा पहिला भाग मे २००९ मध्ये दाखवला आणि बाकीचे सप्टेंबरपासून. मधल्या जुलैत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७वरचा दिल्ली उच्च न्यायालयाचा, आमच्या बाजूचा निकाल आला. मालिका पाचव्या सीझनात असताना, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे एकाच मालिकेच्या काळात मी आधी निर्दोष झालो आणि मग पुन्हा गुन्हेगार. सुटका व्हायला २०१८चा सप्टेंबर उजाडला.

पण मी लिहायला घेतलं ते खर्जातलाकाकांच्या मुद्द्यावर. जोखीम नाही म्हणता ना? पहिल्या सीझनमधला ‘व्हील्स’ भाग पुन्हा पाहा. एका गाण्याचा सोलो परंपरेने मुलीचा. कर्टला तो हवा असतो. त्याचे वडील बर्ट, गॅरेज चालवणारा टोपीवाला माणूस, शाळेत जाऊन भांडतात आणि पोराला संधी मिळवून देतात. वरचा ‘फा’ लागला पाहिजे, सगळं त्यावर अडलेलं. कर्टला घरी तो लागतो. मग गॅरेजमध्ये निनावी फोन येतो, तुझा मुलगा अमुकतमुक आहे म्हणून. बर्टचा चेहरा उतरलेला कर्ट पाहतो. आणि स्पर्धेत तोच सूर तो मुद्दाम चुकवतो. आवाज फाटतो. का, तर आपण जिंकून चारचौघांत दिसलो की असे फोन वडिलांना आणखी येतील.

इस्त्री केलेल्या त्या मालिकेत एक सूर जाणूनबुजून चुरगळलाय. बाकी सगळे सूर जागेवर असतात, म्हणूनच तो एक फाटलेला कानाला लागतो. मी तो भाग संपल्यावर घरी फोन केला होता. सांगितलं काहीच नाही. ‘जेवलास का’ एवढंच आई म्हणाली.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न बाजूला ठेवले आहेत.

मधली_सुट्टी

@चौथा_मजला, लांबला नाही. अजून लिहा.

चाकाची_बाजू

‘व्हील्स’चं नाव निघालंच आहे तर त्याच भागाची दुसरी बाजू. मी सोळा वर्षं व्हीलचेअरवर आहे.

भाग खरं तर आर्टीचा. संघातला खुर्चीतला मुलगा. बसला रॅम्प नाही, म्हणून त्याने वेगळं, वडिलांच्या गाडीतून यायचं, असं बाकीचे सहज ठरवून टाकतात. विल चिडतो आणि सगळ्यांना आठवडाभर रोज तीन तास खुर्चीत बसायला लावतो. इथवर ठीक. मग शेवटी सगळे खुर्च्यांतून ‘प्राउड मेरी’वर नाचतात, टाळ्या, आणि आठवडा संपला की उठून आपापल्या घरी. मला असा ‘आठवडा’ कोणी दिला नाही.

आर्टीचं काम करणारा केव्हिन मॅकहेल हाही कॅमेरा बंद झाला की उठून चालणारा. पुढे एका भागात आर्टीला दिवास्वप्न पडतं आणि तो मॉलमध्ये उभा राहून नाचतो. ज्यांना नाचता येतं त्यांना वाटतं की आमची सगळी स्वप्नं उभं राहण्याचीच असतात. मला तरी रस्ता सपाट असल्याची पडतात.

श्रेय द्यायचं तर सूच्या चीअरलीडर्समधल्या बेकीचं देईन. डाउन सिंड्रोम असलेल्या लॉरेन पॉटरलाच त्यांनी ते काम दिलं, तेही याच भागात, आणि बेकीला तोंडाळ आणि आगाऊ होऊ दिलं. पण हातचं राखून दिलं म्हणायला हवं. २०१३च्या एप्रिलमध्ये, सँडी हूक शाळेतल्या गोळीबाराला चार महिने झाले असताना, यांनी शाळेत गोळी सुटल्याचा भाग केला. आणि बंदूक कोणी आणलेली निघते? बेकीने! सगळ्या शाळेत यांना तीच सापडली.

@चौथा_मजला, तुमच्या त्या सुराबद्दल वाद नाही. पण एका पोराला जागा मिळताना शेजारचा सजावटीला ठेवला होता, हे मला दिसतं.

चौथा_मजला

हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. आर्टी मला तेव्हा गमतीचाच वाटायचा.

खर्जातला

काल रात्री ‘व्हील्स’ पुन्हा पाहिला, या वेळी पेटी शेजारी घेऊन. (सौ. म्हणाली, आता मालिकेलाही साथ करणार का.) चौथा_मजला, तुमचं मान्य. पहिल्या वेळी माझ्या लक्षात कसं आलं नाही? मी गाण्याचे दोष मोजत बसलो होतो, त्यात हाही एक दोष म्हणून मोजला गेला असणार.

तक्रार मात्र मागे घेत नाही. मी पाहिलेल्या भागांत सूर चुकण्याला एवढं मोल असं एकदाच दिसलं. बाकी वेळी पुन्हा इस्त्री. आणि चाकाची_बाजू म्हणतात ते पाहिल्यावर तर मधलं ते खुर्च्यांचं गाणं मला ऐकवेना. विशेष म्हणजे सभागृहाला रॅम्प हवा हे आर्टी स्वतः सुचवतो, आणि रॅम्पचे पैसे शेवटी देते कोण, तर सू. खलनायिका!

चाकाची_बाजू

सू मला म्हणूनच आवडते. तिने गाणं म्हटलं नाही, बिल भरलं.

@इंडियानाची_आई, एक विचारू? तुमच्या त्या पायऱ्यांच्या रायझरवर खुर्चीवाला मुलगा असेल तर कुठे असतो?

इंडियानाची_आई

आमच्याकडे एक आहे, दहावीतला. टेनर. तो खाली जमिनीवर असतो, रायझरच्या डाव्या कडेला. हातांच्या हालचाली त्याला वेगळ्या बसवून दिल्यात, आणि शेवटच्या गाण्यात दोघं त्याला मध्ये आणतात, मग परत कडेला.

कडेलाच का, हे तीन वर्षांत मी एकदाही विचारलेलं नाही. शनिवारी ट्रकमध्ये रायझर चढवायची पाळी आमची आहे, डिरेक्टरबाई तिथेच असतात. विचारते.